चार बोटं नायट्रोजन

बोडकी नावाचा डोंगर तुम्ही पाहिला नसणार. पाहण्यासारखं तिथं काही नाही, आणि नेमकी म्हणूनच मी तिथं गेले होते. माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं, खडकवस्ती नावाची वीस-पंचवीस घरं आहेत. त्यांच्या पाठीशी हा डोंगर उभा. झाड नाही, देऊळ नाही, रात्री एक दिवा दिसेल तर शपथ. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी पंचेचाळिशीची होते, पुण्यातल्या एका संस्थेत खगोलशास्त्राचं संशोधन करत होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. नात हल्ली विचारते, "आजी, तू तेव्हा हुशार होतीस का गं?" मी सांगते, "फार. लोकांना जपून राहावं लागायचं माझ्यापासून."

जायचं कारण आधी सांगते, नाहीतर पुढची माझी शहाणपणं तुम्हाला उमजायची नाहीत.

विश्वात दीर्घिका एकट्यादुकट्या राहत नाहीत, शेकड्यांनी वस्ती करून राहतात. अशा वस्तीला आम्ही दीर्घिकासमूह म्हणतो. जवळचे समूह साध्या दुर्बिणीतून सापडतात. पण काही इतके लांब आहेत की त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीही नव्हती. वाटेत विश्व पसरत राहतं आणि त्याच्याबरोबर तो प्रकाशही ताणला जातो. निघताना पिवळा-नारिंगी असलेला आपल्यापर्यंत येईतो तांबड्याच्याही पलीकडं जातो, डोळ्यांना दिसेनासा होतो. त्याला अवरक्त म्हणायचं. तो टिपणारे चांगले कॅमेरे तेव्हा कुठं हाती यायला लागले होते, आणि परदेशातल्या मंडळींना असे दूरचे समूह एकेक करून सापडत होते. आम्ही त्यांचे लेख वाचत होतो आणि जळत होतो.

अवरक्ताच्या दोन खोडी. हवेतलं बाष्प त्याला गिळतं, म्हणून जागा कोरडी लागते. आणि ऊब असलेली प्रत्येक वस्तू, मग तो हात असो, दुर्बीण असो की डोंगर, अवरक्तात उजळ दिसते. कॅमेराही. त्याला द्रवरूप नायट्रोजननं शून्याखाली दोनशे अंशांच्या आसपास गारठवून ठेवलं नाही, तर त्याला स्वतःच्या उबेखेरीज काही दिसत नाही. माणसांसाठी अशी सोय अजून निघालेली नाही.

तर कोरडी जागा. संस्थेच्या सभेत मी उठून म्हणाले, "त्यासाठी लडाखला कशाला जायला हवं? साताऱ्याच्या पूर्वेला चला. पाऊस तिथं फिरकत नाही." चारजण हसले. प्रमुख मात्र म्हणाले, "बघून या." त्यांनी जीप दिली, लहान दुर्बीण दिली, उसना आणलेला कॅमेरा दिला. "कोरडं निघालं तर मोठ्या दुर्बिणीचा प्रस्ताव तुमच्या नावानं पाठवू." तुमच्या नावानं! हे दोन शब्द मी पुणे सोडल्यापासून खंबाटकी उतरेपर्यंत गुळासारखे चघळत होते.

वाई

वाईला आत्याकडं मुक्काम केला. एप्रिल असूनही कृष्णेला पाणी होतं, घाटावर बायका धुणं आपटत होत्या. आत्यानं वरणभात, तूप, कैरीची डाळ वाढली आणि चौकशी सुरू केली.

"कुठं म्हणालीस? माणात? उन्हाळ्यात? अगं, तिथली माणसं उन्हाळ्यात तिथून निघतात."

"आकाश कोरडं आहे का ते मोजायचंय, आत्या."

"एवढ्यासाठी जीप? तिथल्या कुणालाही विचार की."

"तसं नाही. यंत्रानं मोजायचं असतं."

"मेलं तुझं लहानपणापासूनच असं," आत्या म्हणाली. "दुसऱ्यांना जे नको ते तुला हवं. पोळीच्या कडा, फणसाची चारखंडं, आणि आता हा दुष्काळ."

मी हसले. तिनं बरोबर बोट ठेवलं होतं, पण ते कळायला मला आत्याच्या वयाचं व्हावं लागलं.

वडूजच्या पुढं

वडूज सोडलं आणि रंग संपले. माळ, दगड, मध्येच एखादी बाभळ, आणि रस्त्याच्या कडेला टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींची रांग. माणसं नव्हती. नुसत्या घागरी नंबर धरून उभ्या. मी वहीत लिहिलं, 'फारच आशादायक.' ती वही अजून आहे माझ्याकडं. ते पान उघडलं की कान गरम होतात.

जीप चालवत होते शेखमामा, मूळचे मिरजेचे. एका वळणावर अचानक मेंढरं आडवी आली. मामांनी करकचून ब्रेक दाबला आणि मागं ठेवलेलं नायट्रोजनचं भांडं आडवं झालं. बूच उडालं. क्षणात जीप पांढऱ्या धुरानं भरली.

"प्येटली! गाडी प्येटली! उड्या टाका!" मेंढपाळ ओरडला. शेखमामांनी ऐकल्याबरोबर उडी टाकली, गाडी चालूच. मी मात्र आतच उभी राहून भाषण देत होते, "घाबरू नका! हा धूर नाही! हा नायट्रोजन आहे, आपण श्वासातून घेतो तोच!" तेवढ्यात पायाखाली काही कडकन वाजलं. माझी नवी रबरी चप्पल गारठून काचेसारखी तडकली होती. मग भाषण आवरून मी एका पायावर लंगडत खाली उतरले.

मेंढपाळ म्हातारा होता. हसू दाबून बघत राहिला. त्याच्या मेंढरांच्या पाठीवर तांबडे पट्टे होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हा रंग कशाला?"

"दोन कळप एका पान्यावर आलं की मिसळत्यात," तो म्हणाला. "मग तांबडी माजी, निळी पावन्याची. त्वांड बघत बसलं तर दिस बुडायचा."

आम्हीही नेमकं हेच करतो. एका फोटोत हजारो दीर्घिका येतात, कोणी जवळ, कोणी लांब. पण समूहातल्या जुन्या दीर्घिका साधारण एकाच तांबड्या छटेच्या असतात. त्या छटेवरून वेचायच्या, की गर्दीतून वस्ती वेगळी निघते. आमच्या क्षेत्रातली एवढी मोठी गोष्ट हा माणूस मेंढीच्या पाठीवर करत होता. त्याला नीट नमस्कार करायचं सोडून मी मनात म्हटलं, वा, पुढच्या व्याख्यानाला उदाहरण मिळालं.

भांडं रिकामं झालं होतं. नायट्रोजन नाही म्हणजे कॅमेरा नाही, कॅमेरा नाही म्हणजे माझं नाव नाही. मी दगडावर बसले. शेखमामा चपलेचे तुकडे गोळा करत म्हणाले, "बाई, असला धूर म्या बगितलाय. माज्या भनीच्या गावाला, म्हशीच्या दवाखान्यात."

खरातांचा कंटेनर

शेखमामांचं खरं होतं. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतात त्यासाठी वळूचं वीर्य बारीक कांड्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेलं असतं. नायट्रोजन संपला की कांड्या मेल्या. गावोगावच्या केंद्रांवर असे कंटेनर असतात. विश्वाच्या टोकाचे समूह शोधायला जे लागतं तेच माणातल्या म्हशींना लागतं, हे मला चप्पल फुटल्यावर कळलं.

बोडकीपासून कोस-दीड कोसावर एका गावात असं केंद्र होतं. एक खोली, पत्र्याची भिंत. तिथले खरात तिशीतले, पांढरा इस्त्रीचा शर्ट, घरातली पहिली सरकारी नोकरी. टेबलामागं निळ्या कोटातला फोटो, त्याला ताजा हार. मी संस्थेचं पत्र पुढं केलं. त्यांनी ते उभं राहून वाचलं. मग चहा मागवला.

नायट्रोजन किती आहे हे ते कसं बघतात माहीत आहे? काळी काठी तळापर्यंत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथवर द्रव होता तिथवर काठीवर बर्फाची पांढरी साय धरते. साय सहा बोटं होती.

"चार बोटं कायम ठिवायची आसा आपला नेम हाय, मॅडम," खरात म्हणाले. "गाडी मंगळवारी येती. वरचं न्या."

वरचं मला एका संध्याकाळपुरतंच होतं. मला दोन हव्या होत्या.

"आज शनिवार," मी कागद ओढला. "अशा भांड्यातून दिवसाला किती उडतं ते मला माहीत आहे. हे बघा. दोन बोटं ठेवली तरी मंगळवारपर्यंत आरामात पुरतं."

त्यांनी माझं गणित बघितलं, मग कंटेनरकडं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग म्हणाले, "तुमी काढलंय म्हंजे बरूबरच आसंल."

दारात आलेल्या पाहुण्याला, त्यात पत्र घेऊन आलेल्या बाईला, नाही म्हणायची तिथं रीत नाही. पुण्यात मला कुणीही तोंडावर नाही म्हणालं असतं. माझं गणित प्रयोगशाळेतल्या नव्याकोऱ्या, बंद भांड्याचं होतं. हा कंटेनर किती जुना आहे, दिवसातून किती वेळा उघडतो, दुपारभर तापलेल्या पत्र्याला टेकून का ठेवलाय, यातलं काहीही मी विचारलं नाही. चहा मात्र पुन्हा मागितला.

खडकवस्ती

डोंगराच्या पायथ्याचं शेवटचं घर अनसाबाईंचं. नवरा मुंबईत हमाली करायचा. घरात त्या, आठवीतली लेक आणि मैना नावाची म्हैस. पडवीत आमचं सामान उतरलं. अनसाबाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं, मी ते धुळीनं भरलेल्या पायांवर ओतलं. सगळं. त्यांनी रिकामा तांब्या उचलून आत नेला. शेखमामांनी मागून सांगितलं, ते म्हशीचं संध्याकाळचं होतं.

दिवस बुडाल्यावर बोडकीवर दुर्बीण लावून तासाभराचं मोजमाप घेतलं आणि खाली जेवायला आलो. हुलग्याचं माडगं आणि भाकरी. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज. आमच्याकडं हुलगे बैलाला घालतात, असं मी जेवताना म्हणाले. होय, खरंच म्हणाले.

"हितं बैलच न्हाई ऱ्हायलं," अनसाबाई म्हणाल्या. "म्हनून आमी खातो."

मला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं. पिशवीतून परदेशातल्या एका मैत्रिणीनं पाठवलेला फोटो काढला. काळ्यावर शेकडो ठिपके, त्यात मधोमध तांबड्या ठिपक्यांचा पुंजका. मी सांगितलं, की ही वस्ती आहे, आणि हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती.

"मग आता हाय का न्हाई ती वस्ती?"

"ते नाही सांगता यायचं. हा तेव्हाचा निरोप आहे."

"म्हंजे मालकांच्या पत्रावानी," त्या म्हणाल्या. "वाचूस्तवर तितं काय झालं आसंल कुनाला ठावं." त्यांनी फोटो लेकीकडं दिला आणि म्हशीकडं बघत राहिल्या. मग आपणहून बोलल्या.

"बाई, आमचं समदं ह्या मैनेवर हाय. दोन बारीला कांडी भरली, दोन्ही बारीला उलटली. आता ही शेवटची. गाभन ऱ्हायली तर ऱ्हायली, न्हाईतर आखाडाच्या आत व्यापाऱ्याला द्यायची आन मायलेकी म्हमईला. मालक तितं बारा जनात एका खोलीत ऱ्हात्यात. आमी कुटं निजायचं? हिची शाळा तर सुटलीच म्हना."

लेक फोटोतले तांबडे ठिपके मोजत होती. ती थांबली.

सोमवार

सोमवारी पहाटे मैना हंबरायला लागली. म्हैस माजावर आली होती, तीही भर उन्हाळ्यात. अनसाबाईंच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा हसू पाहिलं. "उन्हाळ्यात म्हशी माज दावीत न्हाईत बाई. ही आली. देवाला काळजी." त्या तिला घेऊन चालत निघाल्या. रविवारची संध्याकाळही साधली होती, म्हणून मी आनंदात होते. मीही बरोबर चालले, शेखमामांच्या जुन्या चपला घालून.

खरातांनी कंटेनरचं झाकण उघडलं.

इथं मला थांबून सांगायचं आहे. मी आयुष्यभर असली भांडी उघडत आले. झाकण काढलं की पांढरी वाफ काठावरून उतू जाते, दाट, जड. त्या सकाळी नुसता एक धागा वर आला आणि विरला. मी तो बघितला. त्याचा अर्थ त्या खोलीत माझ्याइतका कुणालाच कळत नव्हता. खरात रोज काठी बुडवून बघणारा माणूस, पण माझं गणित मिळाल्यापासून त्यांनी काठी बुडवली नव्हती. गणित होतं ना.

'थांबा' एवढा एकच शब्द हवा होता. मी तो बोलले नाही, कारण तो बोलले असते तर मागोमाग पुढचं सगळं बोलावं लागलं असतं. खरातांनी चिमट्यानं कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, म्हशीला भरली. अनसाबाईंनी मैनेच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटले होते.

त्या गेल्यावर मी म्हणाले, "काठी बुडवा."

काठी कोरडी आली. साय नाही. खरातांनी पुन्हा बुडवली, पुन्हा हलवली. मग खुर्चीत बसले.

"कालच संपलं आसनार," ते हळू म्हणाले. "समद्या मेल्या. मॅडम, मी जाऊन सांगतो तिला. ही बार धरू नका, पुढच्या माजाला परत भरू म्हनतो."

"आणि ती विचारेल, नायट्रोजन गेला कुठं? काय सांगाल? नेम मोडून एका बाईला दिला म्हणून? नोकरीचं काय होईल तुमच्या?"

त्यांनी काठी पुसून भिंतीला लावली. मी केवढी दयाळू वाटले असेन त्यांना.

"आणि कदाचित एखादी कांडी जिवंत असेलही," मी म्हणाले. मला पक्कं माहीत होतं की नसते. "पुढचा माज कधी?"

"आता पाऊस पडल्यावरच. म्हशीचं तसंच आस्तं."

"मग आज सांगून उपयोग काय? माझा अहवाल जाऊ द्या. तोवर तुम्हीही काही बोलू नका. दोन महिन्यांनी तुम्ही म्हैस तपासालच, तेव्हा दोघं मिळून सांगू."

"कांड्या मेल्या त्याला डबा गळतोय आसं लिवून द्यावं लागंल," खरात म्हणाले. त्यांची मान खाली होती. मी म्हटलं, तसंच लिहा.

सांगली

त्याच दुपारी आम्ही विट्यावरून सांगली गाठली; वाटेत मामांना काय झालं ते सांगून टाकलं. तिथल्या एका गॅसच्या कारखान्यात नायट्रोजन मिळेल असं शेखमामांना माहीत होतं. हळदीच्या वखारींवरून जाताना नाकात तो कोरडा, कडवट वास भरला. मामांनी थांबून भडंग घेतलं. मला एक घास जाईना, तर म्हणाले, "खावा बाई. सांगलीत येऊन भडंग नको म्हनलं तर लोक आजारी समजत्यात."

रात्री मिरजेला त्यांच्या घरी उतरलो. त्यांच्या बायकोनं ज्वारीची भाकरी, झुणका आणि बर्फ घातलेलं पाणी दिलं, हवं तेवढं. त्या पाण्याकडं बघत मी खडकवस्तीचा तांब्या विसरायचा प्रयत्न करत बसले.

सकाळी भरलेलं भांडं घेऊन निघालो. तासगाव मागं पडल्यावर मामा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "एक इचारू? तिला सांगितलं का?"

"अजून नाही. सांगणार आहे."

"माज्या भनीची म्हस आसती तर म्या काल सकाळीच सांगितलं आसतं."

"तुमची नोकरी जाणार नव्हती ना त्यात."

"तुमची जानार हुती व्हय?" असं विचारून त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

मंगळवारची गाडी यायच्या आधीच खरातांचा कंटेनर काठोकाठ भरून दिला. त्यांनी 'थँक्यू' म्हटलं, ते मला खूप दिवस ऐकू येत राहिलं. उरलेल्यावर बोडकीवर तिसरी संध्याकाळ साधली आणि तिन्ही मापं एकाखाली एक मांडली.

आकाश ओलं होतं.

जमीन भाजून निघालेली, विहिरींना तळ दिसतोय, आणि डोक्यावरून मात्र समुद्राकडून आलेलं बाष्प तिन्ही दिवस वाहत होतं. पडत नव्हतं एवढंच. पाऊस न पडणं आणि आकाश कोरडं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं मला हे सांगितलं असतं. सभेत जे चार लोक हसले होते, ते यालाच हसले होते.

तरी मी हट्टानं एक छोटी पेटी अनसाबाईंकडं ठेवली. सूर्याकडं धरली की हवेतलं बाष्प मोजायची. रोज दुपारी बाराला लेकीनं आकडा वहीत लिहायचा. जूनच्या मधल्या आठवड्यात येऊन घेऊन जाईन म्हटलं. समजावताना मी सांगून गेले, "तुमच्या डोक्यावर पुष्कळ पाणी आहे, बाई. नुसतंच वरून जातंय."

अनसाबाईंनी पदराखालून वर बघितलं. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "कुनाच्या तरी गावाला पडंल."

सांगायची ती वेळ होती. जीप सुरू होती. मी बसले.

फाटा

पुण्यात मी चौतीस पानांचा अहवाल लिहिला. त्यात बोडकी 'अनुपयुक्त' ठरवली, तेही अशा ऐटीत की जणू बोडकीच अर्ज घेऊन आली होती. एक पोस्टकार्ड मात्र दोन महिन्यांत लिहून झालं नाही.

जूनच्या मध्यावर पेटी आणायला निघाले. या वेळी सांगायचंच, असं वाटेत चारदा घोकलं. आधी केंद्रावर थांबलो. टेबलामागं कुणी दुसराच. खरातांची मेमध्येच बदली झाली होती. अनसाबाईंची म्हैस विचारली तर तो म्हणाला, "ती व्हय? मीच हात घालून बघितली. रिकामी. तिसऱ्यांदा उलटली म्हटल्यावर काय, वांझच ती. मी सांगितलं, ठेवू नका."

खडकवस्तीच्या फाट्यावर पत्र्याची ट्रंक आणि दोन बोचकी घेऊन अनसाबाई बसल्या होत्या. शेजारी लेक. तिच्या मांडीवर माझी पेटी, साडीच्या धडप्यात गुंडाळलेली.

"या आठवड्यात येतो म्हनला हुता," अनसाबाई म्हणाल्या. "म्हनून काल न्हाई ग्येलो. आज तुमी न्हाई आला तर कंडक्टरापाशी द्यायची हुती."

लेकीनं वही पुढं केली. रोजचा आकडा, सुवाच्य अक्षरात, एकही दिवस सुटलेला नाही.

मी मामांना जीप बंद करायला सांगितलं आणि तिथंच, उन्हात उभी राहून, सगळं सांगितलं. चार बोटं, दोन बोटं, गणित, वाफेचा तो धागा. खरात सांगायला निघाले होते आणि मी थांबवलं, तेही. मी काही लपवलं नाही. तेवढा प्रामाणिकपणा दोन महिने उशिरा का होईना, माझ्याजवळ निघाला, याचं मला मधूनच कौतुकही वाटलं. माणूस असा असतो बघा.

अनसाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे म्हस वांज न्हवती."

"तिसऱ्या वेळेवरून तसं म्हणता येत नाही. त्या वेळी तिच्यात काही दोष नव्हता. कांडी मेलेली होती."

"पाऊस झाल्यावर ऱ्हायली आसती?"

"राहिली असती कदाचित."

दूरवर धूळ उठली. एसटी येत होती. लेक उभी राहिली, बोचकं उचललं. मी म्हटलं, मी व्यापाऱ्याला शोधते, परत आणू, जीप आहे. अनसाबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यात राग असता तर मी सोसला असता.

"आठ दिस झालं बाई. वांज म्हनून दिली. आसल्या म्हशीला कसायाबिगर कोन घेतंय?" त्या ट्रंकेची कडी धरून उठल्या. "आमाला तर ठिवता आलीच नसती, वैरनच न्हवती. पर वांज न्हाई म्हनून सांगता आलं आसतं तर दुसऱ्या कुनाच्या दावनीला ग्येली आसती ती."

मी ट्रंकेला हात लावायला वाकले. त्यांनी माझा हात धरून बाजूला ठेवला, हलकेच, एखाद्या लहान मुलाचा ठेवावा तसा. ट्रंक स्वतःच उचलून डोक्यावर घेतली आणि एसटीच्या दाराकडं चालायला लागल्या.